मशीन कुणाच्या नावावर?

लोकमान्यनगर, ठाणे

प्रिय सुमे,

चिपळुणात तुमचा बचत गट शिवणवर्ग काढतोय हे वाचून फार बरं वाटलं. मशिनी किती घ्याव्यात, असं विचारलंयस. ते सांगतेच, पण आधी दुसरं ऐक.

आमच्या वर्गात येणाऱ्या बहुतेकजणी धुणीभांडी करणाऱ्या. कामं आटोपून दुपारी येतात आणि कापडाला हात लावण्याआधी पदराला पुसून घेतात. सुरुवातीला नुसतं पायडल मारायचं, कागदावर दोऱ्याशिवाय सुई चालवायची. मग झबलं, परकर, साधा ब्लाउज. कटोरी ब्लाउजपर्यंत पोचता पोचता निम्म्या गळतात. कटोरी अवघड म्हणून गळतात असं शिकवणाऱ्या बाई सांगतात, पण मला ते पटत नाही. नेमकं तेव्हाच घरात "अजून किती दिवस शिकणार?" सुरू झालेलं असतं.

परवा एकीने शेजारणीचा अस्तराचा ब्लाउज शिवून दाखवायला आणला. मुंढ्याला एक चुणी नाही, गळ्याची पायपिंगही सुबक. शिलाई किती घेतलीस विचारलं तर म्हणाली, "शेजारीण आहे हो, काय मागायचं?" अस्तर आणि दोरा दोन्ही हिच्याच पैशाचं! मग मी सगळ्यांना उभं केलं आणि एकेकीला मोठ्याने भाव सांगायला लावला. "अस्तराचा अडीचशे," एवढं म्हणायला ती इतकी लाजली, की बाकीच्या हसू लागल्या. पण त्यांची पाळी आली तेव्हा त्यांचाही आवाज फुटेना. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही बघ. तुमच्या वर्गात पहिल्या आठवड्यापासून घ्या.

तुला प्रेमाताई पुरवांचं 'अन्नपूर्णा' माहीत आहे ना? १९७५ साली गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका त्यांनी एकत्र आणल्या. त्या बायकांना स्वयंपाक कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या, त्यांना बँकेचं दार उघडून हवं होतं. शिवणाचंही तसंच आहे. हातात कसब आलं तरी भांडवल नसेल तर बाई पीसवर, म्हणजे नगामागे मजुरी मिळणारं, काम धरते. आमच्या वागळे इस्टेटच्या गल्ल्यांतून असं काम मिळतं, पण घरी आणलं तर सुई-दोरा आपला, वीज आपली, पीस बिघडला की पैसेही आपलेच कापायचे.

सरकारी योजनांपैकी पीएम विश्वकर्मा नीट समजून घे. २०२३च्या सप्टेंबरात सुरू झाली, १८ कामांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० आणि पुढे ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत विनातारण कर्ज. मेख अशी, की एका कुटुंबातून एकच नाव. गवंडीकामही त्याच १८त, म्हणजे गवंडी नवऱ्याने आधी फॉर्म भरला की बायकोचा संपला. आमच्याकडे असं झालंय. तेव्हा घरात कुणाचं नाव घालायचं ते आधी बोलून घ्यायला सांग, आणि बचत खातं बाईच्या एकटीच्या नावावर असू दे. मशिनीची पावतीसुद्धा. नाहीतर मशीन "घरातली" होते आणि अडीनडीला पहिली तीच विकली जाते.

आठवी झालेल्या तरुण मुली असतील तर त्यांना आयटीआयच्या वर्षभराच्या शिवणकामाच्या कोर्सला पाठव. त्यांना तुमच्या वर्गात अडकवू नकोस.

आता मशिनी. पाच पुरेत, सगळ्या पायाच्या. तुमच्याकडे पावसाळ्यात लाइट कशी जाते ते मी तुझ्याच घरी पाहिलंय. पिको-फॉलची एक वेगळी घ्या, सेकंडहँड चालेल, कारण पैसा पहिल्यांदा फॉल लावण्यातच सुटतो. आणि वर्ग फेब्रुवारीतच सुरू करा. जूनमध्ये गणवेशांची उंची, कंबर कमी-जास्त करायला गर्दी होते, तोवर हात बसलेला हवा. मे महिन्यात मी चार दिवस येते, कटोरीचं कटिंग मी शिकवीन.

तुझी,
मीनू