सरकार नसेल तर खारबांध कोण बांधणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अराज्यवादाचा, म्हणजे सरकारशिवाय समाज चालवण्याच्या विचाराचा, विषय निघाला की आपल्याकडे चर्चा एका वाक्यात आटोपते: सरकार नसेल तर बळी तो कान पिळी. आक्षेप गंभीर आहे. मात्र त्याचे उत्तर युरोपात शोधण्याआधी पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीत, शोधायला हवे. फ्रेंच विचारवंत प्रूदाँने 1840 मध्ये स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेतले, रशियन विचारवंत क्रपॉटकिनचा परस्पर साहाय्यावरचा ग्रंथ 1902 चा. नियमच नकोत, असे या परंपरेने कधी म्हटले नाही. ज्यांना नियम पाळायचे त्यांनीच ते करावेत, आणि कारभारी चुकला तर त्याला मध्येच खाली बसवता यावे, हा तिचा गाभा.

खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला खारबांध खाडीच्या चिकणमातीचा असतो. खेकडे त्यात बिळे करतात, बिळांतून पाणी झिरपते आणि उधाणाच्या भरतीला नेमकी तीच जागा फुटून खांड पडते. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. पाणी आत-बाहेर धावताना हातभर खांड बघता बघता रुंदावते. खारे पाणी शेतात राहिले तर मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागू शकतात, तोवर भाताची आशा नाही. म्हणून खांड भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, पाण्याचा जोर कमी असताना बुजवायची, आणि तीही दोन भरत्यांमधल्या मोजक्या तासांत. अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, निविदा यात महिने जातात. 1948 आणि 1979 च्या खारजमीन कायद्यांनंतर बांध ही सरकारची बाब झाली, तेव्हापासून शेतकरी बिळे बुजवण्याऐवजी मंजुरीची वाट पाहू लागला. माझ्या मते नुकसान तिथूनच सुरू झाले.

त्याआधी जोळ होती: घरटी माणूस, मजुरी नाही, बांध सर्वांचा. आज ती उभी करायची तर घरटी माणूस पुरत नाही, कारण पाच गुंठेवाला आणि पाच एकरवाला यांच्यावर सारखाच बोजा पडतो. श्रमाचे दिवस जमिनीच्या प्रमाणात लावावेत. मुंबईला असलेल्याने बदली माणूस द्यावा किंवा मजुरी भरावी. बांधाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला दोन घरे नेमावीत, अमावास्या-पौर्णिमेच्या आधी त्यांनी फेरी मारून बिळे पाहावीत. उघाडीची, म्हणजे शेतातले पाणी खाडीत सोडणाऱ्या बांधातल्या दाराची, झडप ओहोटीला आपोआप उघडते, भरतीला मिटते. तिच्यात फांदी किंवा दगड अडकला की बांध धड असूनही शेत खारे होते. शिवाय मासळीसाठी झडप मुद्दाम उघडी ठेवणारा असतोच. त्याचे काय करायचे?

अशा सामायिक साधनांवर काम करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या अराज्यवादी नव्हत्या. तरी त्यांचा निष्कर्ष इथे तंतोतंत लागू पडतो: राखणदार उपभोगणाऱ्यांतलेच हवेत आणि शिक्षा पायरीपायरीने वाढणारी हवी. पहिल्या चुकीला समज, दुसऱ्या चुकीला दुप्पट श्रम, मग भरपाई. पहिल्याच फटक्यात जबर दंड ठोकला तर माणूस सभेत यायचे बंद करतो आणि तक्रार कोर्टात जाते.

खरी अडचण पुढे आहे, आणि अराज्यवादाचे कौतुक करणारे ती टाळतात. कोकणातली गावकी सरकारशिवायच चालत आली आणि तिनेच माणसे वाळीत टाकली, घराघरांचे पाणी आणि सोयरीक तोडली. 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा त्यामुळेच करावा लागला, आणि तो आज हवाच. जिथे मान वंशपरंपरेने मिळतो आणि जात पाहून बोलण्याचा अधिकार ठरतो, तिथे छोटे राज्यच असते, मग त्याचा शिक्का असो वा नसो. म्हणून बांधाच्या चुकीची शिक्षा बांधापुरतीच राहावी. तिचा लग्नाशी, मयताशी, देवळाशी संबंध नसावा. तक्रारदार आणि न्याय देणारे वेगळे असावेत. शेजारच्या गावाचे तिघे बोलावता येतात. यादीत कुळे आणि बायका यांची नावे जमीनमालकांच्या बरोबरीने हवीत.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 मध्ये जन्मलेल्या विनोबांनी शासनमुक्त समाज मांडताना सर्वसहमतीचा आग्रह धरला. खांड पडलेल्या रात्री तो चालणार नाही, एकाच्या नकारावर सगळ्यांचे शेत बुडेल. तातडीचा निर्णय हजर असतील त्यांनी घ्यावा, नियम बदलायचा तर मात्र सर्वांची संमती घ्यावी.

एका खाडीवरच्या गावांनी प्रतिनिधी पाठवून बांधांची उंची मिळून ठरवावी, कारण एकाने उंच बांधला की पाणी दुसऱ्याच्या सखल बांधावरून आत शिरू शकते. प्रतिनिधी निरोप नेणारा असावा, स्वतः ठरवून येणारा नव्हे. वादळाच्या सूचनेसारखी कामे असे गावसंघ कशी करतील, याचे भक्कम उत्तर इतिहासात मला दिसत नाही. स्पेनमध्ये 1936 साली आरागॉन प्रांतातल्या गावांनी अराज्यवादी विचाराने शेती सामूहिक केली. पुढच्याच वर्षी प्रजासत्ताक सरकारने त्यांचे मंडळ बरखास्त केले, त्यामुळे ती परीक्षा पुरी झालीच नाही.

पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेत बांधाचा नकाशा, श्रमांची यादी आणि उघाडी पाहणाऱ्यांची पाळी एवढे तीन कागद मंजूर करून चावडीवर लावता येतील. त्यासाठी कोणत्याही वरच्या परवानगीची गरज नाही.

– एक वाचक, पेण (जि. रायगड)