कन्सल्टंट चुकला तरी जबाबदार मालकच

महोदय,
पीएफ उशिरा भरला की मालक लोक सरळ म्हणतात, पीएफचं काम बघणाऱ्या कन्सल्टंटची चूक झाली, आम्ही काय करणार. अहो पण कायदा जबाबदारी मालकावरच टाकतो ना, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचंच, नाहीतर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंड वेगळा. हा दंड लावायला मुद्दाम केलं हे सिद्ध करायची गरज नाही असं सुप्रीम कोर्टानेही २०२२ मध्ये सांगितलंय. ठेकेदाराच्या कामगारांचं पण तेच, मूळ कंपनीची सुटका नाही. कन्सल्टंटशी नंतर काय ते भांडा, आधी कामगाराच्या म्हातारपणाचे पैसे भरा! आणि दर महिन्याला पीएफ भरल्याचं चलन (पावती) स्वतः तपासायला असा कितीसा वेळ लागतो?

– एक नोकरदार वाचक, पिंपरी