तज्ज्ञाने बाजूला ठेवलेली गणितेही खुली व्हावीत : स्पर्धा कायद्याचे खाते सांभाळणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मक्तेदारी आणि संगनमताच्या खटल्यांत मी सल्लागार अर्थतज्ज्ञ म्हणून काम करतो. कधी तक्रारदारासाठी, कधी कंपनीसाठी. मानधन दोन्हीकडून घेतले आहे, हे आधीच सांगतो. स्पर्धा कायद्याचा विषय निघाला की दंड वाढवा, तपास लवकर संपवा, अशा मागण्या होतात. माझी विनंती त्याहून लहान आहे. तज्ज्ञाने अहवालात मांडलेल्या गणिताबरोबरच त्याने करून पाहिलेली आणि बाजूला ठेवलेली गणितेही दोन्ही पक्षांना व न्यायालयाला पाहायला मिळावीत, असा नियम आपण करावा.

संगनमताचे नुकसान मोजायचे म्हणजे जे घडलेच नाही त्याचा भाव काढायचा. कंपन्यांनी आपसांत ठरवले नसते, तर माल कितीला विकला गेला असता? त्यासाठी आम्ही संगनमताच्या आधीचे आणि नंतरचे भाव घेतो, कच्चा माल, मागणी, वाहतूक यांचा परिणाम संख्याशास्त्रीय समीकरणाने वेगळा काढतो आणि उरलेला फरक संगनमताच्या माथी मारतो. ऐकायला हे सरळ वाटते. पण संगनमत नेमके कोणत्या महिन्यात सुरू झाले, ते मोडल्यावर भाव उतरायला किती काळ लागला, कच्च्या मालाचा भाव चालू महिन्याचा धरायचा की मागच्या तिमाहीचा, असे अनेक निर्णय त्यात दडलेले असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाचे समर्थन करता येते. दोन-तीन निर्णय एकाच बाजूला झुकले, की भरपाईचा आकडा ओळखू येऊ नये इतका बदलू शकतो, आणि तरी त्यात कोणी खोटे बोललेले नसते. एका प्रकरणात मी असे निर्णय बदलून गणिताच्या सहा मांडण्या करून पाहिल्या होत्या. अहवालात एकच गेली. ती चुकीची होती असे मला आजही वाटत नाही. पण उरलेल्या पाच काय सांगत होत्या, हे न्यायाधीशांना कधीच कळले नाही.

बाजारपेठेची हद्द, म्हणजे कोणकोणता माल एकमेकांशी स्पर्धा करतो असे धरायचे, हे ठरवतानाही असेच होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली ड्यू पाँट कंपनीविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात सेलोफेनची (वेष्टनाच्या पारदर्शक कागदाची) बाजारपेठ वेगळी न मानता सगळ्या लवचीक वेष्टनांची मिळून एकच मानली. सेलोफेनपुरते पाहिले तर कंपनीचा वाटा सुमारे 75 टक्के होता. हद्द रुंदावताच तो 20 टक्क्यांच्या खाली गेला आणि कंपनी सुटली. भाव आधीच चढवलेला असेल तर दुय्यम मालही पर्याय वाटू लागतो, हा त्या निकालावरचा आक्षेप आजही शिकवला जातो.

उघड असलेले गृहीतक तपासता येते. 2018 साली एटी अँड टी ही दूरसंचार कंपनी आणि टाइम वॉर्नर ही माध्यम कंपनी यांच्या विलीनीकरणाविरुद्ध अमेरिकी सरकारतर्फे अर्थतज्ज्ञ कार्ल शपिरो यांनी मांडलेल्या गणितानुसार सशुल्क टीव्हीच्या ग्राहकामागे दरमहा सुमारे 45 सेंटांची वाढ होणार होती. टाइम वॉर्नरच्या मालकीच्या टर्नर वाहिन्या प्रतिस्पर्धी टीव्ही सेवांवर दिसेनाशा झाल्या तर किती ग्राहक त्या सेवा सोडून जातील, यासारख्या आकड्यांना पुरेसा आधार नाही, असे म्हणून न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी ते नाकारले. निकाल पटो वा न पटो, आकडे समोर होते म्हणूनच त्यांना आव्हान देता आले. अहवालात न आलेल्या मांडणीची उलटतपासणी कोण घेणार?

दुर्दैवाने काही ठिकाणी कायदाच पडदा ओढतो. अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांत 2010 पासून तज्ज्ञाच्या अहवालाचे कच्चे मसुदे आणि वकिलाशी झालेला बहुतेक पत्रव्यवहार यांना संरक्षण आहे. वकील आणि तज्ज्ञ यांना मोकळेपणाने बोलता यावे, हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. मसुद्यातली वाक्ये खुशाल झाकलेली राहोत. चालवून पाहिलेली समीकरणे ही काही वाक्ये नव्हेत. इंग्लंडच्या दिवाणी नियमांनुसार तज्ज्ञाचे न्यायालयाप्रती असलेले कर्तव्य पैसे देणाऱ्याप्रती असलेल्या बांधिलकीहून वरचे आहे. तत्त्व उत्तम आहे, पण पाळले गेले की नाही हे पाहायचे कसे, याचे उत्तर त्यात नाही.

म्हणून अहवालाबरोबर मूळ आकडेवारी, ती चालवण्याचा संगणकीय प्रोग्राम आणि करून पाहिलेल्या मांडण्यांची यादी देणे दोन्ही बाजूंना बंधनकारक करावे. व्यापारी गुपिते असतील तिथे ती फक्त विरुद्ध बाजूचे तज्ज्ञ व वकील यांनाच दाखवावीत. त्यानंतर ऑस्ट्रेलियात रुळलेल्या पद्धतीप्रमाणे दोन्ही तज्ज्ञांना एकाच वेळी बसवून न्यायाधीशांनी प्रश्न विचारावेत. मतभेद नेमका कोणत्या गृहीतकावर आहे, हे अशा वेळी लवकर उघड होते, कारण समोर विषय जाणणारा माणूस बसलेला असतो.

यावर माझ्याच व्यवसायातून हरकत येईल, की यादी द्यावी लागली तर तज्ज्ञ वेगवेगळ्या मांडण्या करून पाहणेच सोडतील. काही जण सोडतीलही. पण मग एकच मांडणी का केली, हा प्रश्न त्यांना भर न्यायालयात विचारता येईल, आणि आज तोही विचारता येत नाही.

आपला विश्वासू,
एक सल्लागार अर्थतज्ज्ञ