'विश यू वेअर हिअर': भेटीच्या कथेमागे झाकलेले काम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडच्या 'विश यू वेअर हिअर' या अल्बमविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. रॉक संगीतावर मराठीत इतक्या आस्थेने लिहिले जाते याचा आनंद वाटला. मात्र लेखाचा निम्म्याहून अधिक भाग जून 1975 मधील त्या प्रसिद्ध भेटीवर खर्ची पडला आहे, आणि बँडचे संस्थापक-सदस्य, पण पुढे त्यापासून वेगळे झालेले गायक-गिटारवादक सिड बॅरेट त्या दिवशी स्टुडिओत आले नसते तर हा अल्बम झालाच नसता, असा समज वाचणाऱ्याचा होतो. तो दूर व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भेटीची हकिकत खरी आहे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम चालू असताना डोके आणि भुवयाही भादरलेला, अंगाने सुटलेला एक माणूस आत आला, आणि ज्यांच्यासोबत त्याने बँड उभा केला होता त्यांनाच काही वेळ त्याची ओळख पटली नाही. त्या दिवसाच्या तपशिलांबाबत उपस्थितांच्या आठवणी आपसांत जुळत नाहीत, पण तो मुद्दा गौण आहे. मुख्य गोष्ट अशी की अल्बममधील ज्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' या लांबलचक गाण्याचे काम तेव्हा चालले होते, ती रचना 1974 मध्येच तयार होऊन त्याच वर्षी फ्रान्स आणि ब्रिटनमधील मैफलींत वाजली होती. म्हणजे बॅरेट दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या नसण्याचे गाणे वर्षभर आधीच लिहून झालेले होते.

ते गाणे सुचले कसे, हा भाग लेखात एका वाक्यात उरकला आहे आणि माझ्या मते सगळे मर्म तिथेच आहे. सरावाच्या वेळी बँडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांच्या गिटारवर चार स्वरांची एक ओळ जवळजवळ अपघातानेच उमटली. पाश्चात्त्य 'जी' हा स्वर षड्ज मानला तर ते स्वर कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शुद्ध धैवत असे येतात. पहिल्या तीन स्वरांनी कानाला एका उदास ठिकाणी आणून सोडलेले असते आणि षड्जावर विसावा मिळेल असे वाटत असतानाच चौथा स्वर तो मोडून टाकतो. ही ओळ ऐकून बँडचे बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स यांना बॅरेट आठवले आणि मग शब्द आले. आधी विषय ठरवून त्याला चाल लावली, असे इथे घडले नाही. सुरातली पोकळी आधी कानावर पडली आणि ती कोणाची आहे हे नंतर उमगले. म्हणूनच तो शोक लादलेला वाटत नाही. ध्वनिमुद्रणात हे चार स्वर यायलाच चार मिनिटांच्या आसपास वेळ जातो, आणि गायकाचा आवाज सुमारे साडेआठ मिनिटांनंतर लागतो. इतका वेळ ऐकणाऱ्याला नुसत्या सुरांवर थांबवून ठेवणे हे धाडस होते, आणि त्या थांबण्यानेच अर्धे काम केले आहे. सुरुवातीच्या सुरावटीत काचेच्या प्याल्यांच्या कडांवरून बोट फिरवून काढलेला नाद मिसळलेला आहे. घरगुती वस्तूंचे आवाज वापरून एक अख्खा अल्बम करण्याचा बेत बँडमधल्या चौघांनी 'डार्क साइड ऑफ द मून' या आधीच्या अल्बमनंतर आखला होता. तो बारगळला, पण प्याल्यांचे मुद्रण मात्र इथे कामी आले.

दुसरी गोष्ट 1975 च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत चाललेल्या मुद्रणाची. मध्ये अमेरिकेचे दौरेही झाले. 1973 च्या 'डार्क साइड ऑफ द मून'ने बँडला अफाट यश मिळाले होते, आणि आता पुढे काय करायचे हे कोणालाच कळत नव्हते. चौघे स्टुडिओत येत, पण मन कामात नसे. कित्येक तास खपून बसवलेल्या मूळ वादनावर एकदा चुकून प्रतिध्वनीचा परिणाम मुद्रित झाला आणि तो निघेना, तेव्हा सगळे पुन्हा वाजवावे लागले. अशा कंटाळलेल्या, एकमेकांपासून तुटत चाललेल्या अवस्थेत वॉटर्स यांना जाणवले की गैरहजर फक्त बॅरेट नाहीत. आपण चौघेही इथे असून नसल्यासारखे आहोत. त्यांनी सुचवले की 'शाइन ऑन'चे दोन तुकडे करावेत, एक सुरुवातीला आणि एक शेवटी ठेवावा, आणि मध्ये याच विषयावरची नवी गाणी यावीत. मैफलींत वाजलेल्या दोन तयार रचना त्यासाठी बाजूला ठेवाव्या लागणार होत्या. गिलमोर यांचा विरोध होता, पण बाकी तिघांचे मत पडले आणि तसेच ठरले. मला तो निर्णय योग्य वाटतो. रचना अखंड राहिली असती तर अल्बमची एक बाजू बॅरेट यांना वाहिलेली आदरांजली ठरली असती. दोन तुकड्यांच्या मध्ये संगीताच्या धंद्यावरची दोन कडवट गाणी आणि शीर्षकगीत आले, आणि एका माणसाच्या हरवण्याला कारणेही मिळाली आणि सोबतीही मिळाले.

शीर्षकगीताची सुरुवात कान देऊन ऐकण्यासारखी आहे. रेडिओवर कोणी केंद्रे बदलत आहे, खरखरीतून बोलण्याचे तुकडे आणि चायकोव्हस्कीच्या सिम्फनीचा एक कण येतो, मग एक गिटार लागते. तीही रेडिओतूनच, चपटी आणि लांबची. थोड्या वेळाने दुसरी गिटार अगदी जवळून, भरीव आवाजात तिला साथ देऊ लागते. खोलीत एकटा बसलेला माणूस रेडिओवरच्या वादकासोबत वाजवतो आहे, हे सगळे एकही शब्द न उच्चारता कळते. माणसाची उणीव ध्वनीच्या अंतरातून अशी मांडलेली मी दुसरीकडे ऐकलेली नाही. याच गाण्यासाठी फ्रेंच जॅझ वादक स्टेफान ग्रापेली यांचे व्हायोलिनही मुद्रित झाले होते. अंतिम मिश्रणात ते जवळपास वगळले गेले. ते असते तर गाणे अधिक गोड झाले असते, आणि नेमके तेच नको होते.

आता थोडे बॅरेट यांच्याविषयी. लेखात त्यांचा उल्लेख वारंवार 'भूत', 'सावली' असा येतो, याचे मला वाईट वाटले. ते 1968 मध्ये बँडपासून वेगळे झाले आणि 1970 मध्ये त्यांचे स्वतःचे दोन अल्बम निघाले, ज्यांच्या निर्मितीत गिलमोर, वॉटर्स आणि कीबोर्डवादक रिचर्ड राइट या जुन्या साथीदारांचा हात होता. म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडून मग त्यांच्यावर गाणे रचले, असेही झालेले नाही. पुढे ते केंब्रिजला परतले, चित्रे काढत राहिले, बागकाम करत राहिले आणि 7 जुलै 2006 रोजी वयाच्या 60 व्या वर्षी वारले. हा अल्बम निघाल्यानंतर ते तीस वर्षांहून अधिक जगले. मेलेल्या माणसाचा शोक एके ठिकाणी पुरा होतो. जिवंत असून हाती न लागणाऱ्या माणसाच्या शोकाला तशी सोय नसते. या संगीताची अस्वस्थता त्यातून आली आहे, आणि बॅरेट यांना भूत ठरवले की ती समजण्याची वाटच बंद होते.

एक विनंती करून थांबतो. लेखात राइट यांचे नाव केवळ एकदा, तेही यादीत, आले आहे. अल्बमचा पहिला सूर त्यांच्या वाद्यांतून येतो, 'शाइन ऑन'च्या शेवटच्या, नवव्या भागाचे श्रेय एकट्या त्यांच्या नावावर आहे, आणि तो भाग विरत असताना 1967 मधील बॅरेट यांच्या एका गाण्याची चाल त्यांनी क्षणभर वाजवली आहे. 2008 मध्ये राइटही गेले. लेखाचा पुढचा भाग प्रसिद्ध होणार असल्यास त्यात त्यांच्या कामाला स्वतंत्र जागा द्यावी.

आपला नम्र,
एक वाचक