जोगजाहून बाबांना

योग्याकार्ता (जोगजा), इंडोनेशिया, रविवार

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई दर फोनला विचारते, "काय खाऊन राहिली?" तिला सांगा, इथे कोवळा फणससुद्धा गुळात शिजवतात. गुदेग म्हणतात. मी सावजीची आठवण काढत तो गिळते. तिखटाचं पाकीट गेल्या महिन्यातच संपलं.

तुमच्या मोमिनपुऱ्यातल्या सरांनी विचारलं होतं, तिकडचे मदरसे म्हणजे नेमकं काय? आज त्याचंच लिहायला बसले. इथे येईपर्यंत मलाही मदरसा म्हटलं की डोलत पाठांतर करणारी पोरं एवढंच दिसायचं. खरं तर आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ४ टक्के मदरशात असतात, हे मुस्लिमांच्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ सालीच सांगितलं होतं. तरी सगळी चर्चा त्या चारांचीच.

इथे मदरसा म्हणजे अख्खी शाळा. सहा वर्षं इब्तिदाइया म्हणजे प्राथमिक, मग तीन सनाविया म्हणजे माध्यमिक, तीन आलिया म्हणजे उच्च माध्यमिक. फक्त ती शिक्षण मंत्रालयाऐवजी धर्म मंत्रालयाखाली येते. १९७५ साली तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला की ७० टक्के शाळेचे नेहमीचे विषय आणि ३० टक्के धर्माचे. त्या बदल्यात मदरशाचा दाखला सरकारी शाळेच्या दाखल्याइतकाच चालेल. मुलांना विद्यापीठं उघडली. मग ओरड सुरू झाली की गणित आलं पण आलिम, म्हणजे धर्मपंडित, संपले, आणि १९८७ मध्ये धर्मविषयांवर भर देणाऱ्या खास आलिया काढाव्या लागल्या. तुम्ही गादीबद्दल म्हणता ना, कापूस इकडे दाबला की तिकडे गोळा होतो, तसंच.

बहुतेक मदरसे खाजगी आहेत. चालवणारी 'यायासान', म्हणजे आपली संस्थाच हो! संस्थाचालक, त्यांचे नातलग, अनुदानाची वाट आणि मानधनावरचे 'गुरू होनोरेर'. इथे शिक्षकाला गुरूच म्हणतात, विद्यार्थ्याला सिस्वा, आपल्या शिष्याचा भाऊ. मानधन ऐकलं तर आपले तासिका तत्त्वावरचे सर स्वतःला सुखी समजतील.

मी ज्या मदरशात अभ्यासासाठी जाते तिथे मागच्या महिन्यात मानांकन होतं. अ, ब, क अशी श्रेणी मिळते. तपासणीस येणार म्हणून आठवडाभर आधी गठ्ठे काढले, फोटो छापले, न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली. रात्री अकरा वाजता सहा शिक्षक टेम्पेची (आंबवलेल्या सोयाबीनची) भजी खात सह्या करत बसले होते आणि मला आपला ओटा आठवला. तपासणीच्या आदल्या रात्री वर्षभराचं टाचण लिहिणारे तुमचे पाच शिक्षक, आणि चौथ्यांदा चहा ठेवणारी आई. तुम्ही मात्र वही न लिहिता आत जाऊन झोपलात. तेव्हा मला तुमचा राग आला होता.

पण बाबा, गंमत वेगळीच आहे. त्याच इमारतीत, त्या गठ्ठ्यांना ठाऊकच नसलेली गुणवत्तेची फार जुनी रीत चालू आहे. सकाळी कुराण पाठ करणारी मुलं एकेक करून उस्तादांसमोर बसतात. जावामध्ये या एकेकाने म्हणून दाखवण्याला सोरोगान म्हणतात. सगळ्यांना एकत्र बसवून सांगणं ते बांदोंगान. मूल चुकलं की उस्ताद पेन्सिल टेबलावर वाजवतात. तेवढंच. मूल मागे जातं, तीच ओळ पुन्हा म्हणतं. मग छोट्या वहीत तारीख, सुरा (अध्याय), आयती (ओळी) आणि शेरा: 'लंचार', म्हणजे अस्खलित. पहिल्या दिवशी मला ते 'लाचार' ऐकू आलं आणि वाटलं, बिचाऱ्या पोराला काय हा शेरा! चूक त्याच मिनिटाला सापडते, कालचं पाठ नसेल तर पुढचं मिळत नाही. आणि भिंतीपलीकडे गणिताचा वर्ग, पस्तीस पोरं, अपूर्णांकांची बेरीज. तिथली चूक कळते सत्र संपल्यावर, उत्तरपत्रिकेत.

मुख्याध्यापिकाबाईंना हे दिसलं. त्यांनी बैठक घेतली नाही, परिपत्रक काढलं नाही. स्वतः पाचवीचा गणिताचा तास घेतला आणि मागच्या बाकावर बसून रोज सात मुलांकडून एकेक गणित तोंडाने सोडवून घेतलं. आठवड्यात वर्ग पूर्ण. तशीच छोटी वही, तोच शेरा. तीन आठवड्यांनी वही गणिताच्या शिक्षकांच्या हातात दिली.

म्हातारे उस्ताद चिडले. कलामुल्लाची, अल्लाच्या वाणीची रीत अपूर्णांकांना लावायची? बाई हळूच म्हणाल्या, बाकं आणि फळा तरी याच गावात कुणी आणले? १९११ साली इथल्याच काउमान मोहल्ल्यात अहमद दहलान यांनी आपल्या घरात बाकं-फळा मांडून शाळा काढली, तेव्हा त्यांना काफिर म्हणणारे कमी नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी मुहम्मदिया स्थापन केली, जिच्या आज देशभर शाळा, दवाखाने, विद्यापीठं आहेत. उस्ताद काही बोलले नाहीत. पटलं असं नाही म्हणणार मी. दुसऱ्या दिवशी गणिताच्या वर्गाच्या दाराशी उभे राहून त्यांनी पाच मिनिटं ऐकलं, इतकंच पाहिलं.

वहीतून निघालं ते सगळ्यांना गोड लागलं नाही. अर्धी मुलं छेदाला छेद मिळवत होती, आणि ती सवय चौथीतली. चौथीच्या मॅडम दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मला त्यांची बाजूही खरी वाटते. चाळीस मुलं, तुटपुंजं मानधन, संध्याकाळी शिकवण्या. त्यात कुणी येऊन म्हणायचं, चूक तुमच्या वर्गात सुरू झाली. मग मुख्याध्यापिकाबाई आजारी पडून पंधरा दिवस आल्या नाहीत, आणि त्या पंधरा दिवसांची पानं कोरी आहेत. सगळी. मानांकनाच्या गठ्ठ्यात त्या वह्या ठेवल्याच नव्हत्या. कुठल्या रकान्यात बसतील ते कोणालाच कळेना.

सरांना एक विचारा. त्यांच्याकडच्या हाफिज, म्हणजे अख्खं कुराण पाठ करणाऱ्या, मुलांची अशी वही असते का, आणि असेल तर त्यात चूक कोण लिहितं, उस्ताद की मूल स्वतः? इथे उस्ताद लिहितात. मला वाटतं मुलाने लिहावी, पण बाईंना सांगायची हिंमत अजून झाली नाही. सोमवारी बघते.

तुमची ती निळी वही माळ्यावर असेल, ज्यात तुम्ही टाचणाऐवजी मुलांच्या चुका लिहायचे. तिचे चार-पाच फोटो दादाला काढायला सांगा. आणि तिखट पाठवाल तेव्हा पाकीट दुहेरी बांधा, मागच्या वेळी सगळ्या कुर्त्यांना वास लागला होता.

तुमची,
छोटी