पैसे घ्यायचे, पण दावा सोडून

सिएटलजवळून,
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप बापूकाका यांस,
सा. न. वि. वि.

गणपतीच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "औषध कंपन्या आपणहून पैसे द्यायला निघाल्यात, मग घ्यायचे की नाही यावर तिथली नगरपालिका ठराव कशाला करते?" गणपतीच्या गोंगाटात फोनवर नीट सांगता आलं नाही. विट्याला नगरपालिकेच्या लेखा विभागात तुमची हयात गेली, म्हणून आकड्यांसकट लिहितो.

हे पैसे ओपिऑइडच्या व्यसनाने झालेल्या नुकसानीपोटीचे आहेत. ओपिऑइड म्हणजे अफूच्या कुळातली वेदनाशामकं. काही अफूपासून काढलेली, काही तसंच काम करणारी पण कारखान्यात घडवलेली. १९९६ साली पर्ड्यू फार्माने ऑक्सीकॉन्टिन बाजारात आणलं आणि साध्या पाठदुखीलाही या गोळ्या सर्रास लिहिल्या जाऊ लागल्या. २००७ मध्ये कंपनीने फसव्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला, तरी गोळ्या वाहतच राहिल्या. पुढे सवय लागलेली माणसं हेरॉइनकडे आणि मग फेंटॅनिल या त्याहून जहाल ओपिऑइडकडे वळली. आमच्या किंग काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) २०२३ या एका वर्षात सगळ्या प्रकारच्या अमली पदार्थांच्या अतिसेवनाने १,३०० हून जास्त माणसं गेली. अँब्युलन्स, पोलीस, तुरुंग, अनाथ झालेली पोरं, हा सगळा खर्च स्थानिक संस्थांच्या अंगावर आला. तो वसूल करायला त्या कोर्टात गेल्या. उत्पादकांवर दावे लागलेच, घाऊक वितरकांवरही लागले, कारण संशयास्पद मोठी ऑर्डर आली तर ती अडवणं हे इथल्या कायद्याने वितरकाचं काम आहे. असे तीन हजारांवर दावे ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये न्यायाधीश डॅन पोल्स्टर यांच्यापुढे एकत्र आणले गेले.

आता तुमचा प्रश्न. हे पैसे अनुदान नाहीत, ही तडजोड आहे. कंपनी पैसे देते आणि शहर तिच्यावरचा हक्क सोडतं. सहीसाठी येणारा कागद सहभागपत्राचा असतो. वर शहराचं नाव, राज्याचं नाव, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. खाली कलमं. त्यातलं जड कलम मुक्ततेचं: या कंपनीने आजवर जे केलं त्याबद्दल शहर, त्याची खाती, त्याच्या समित्या, कोणीही पुन्हा दावा करणार नाही. आधीच दावा लावलेला असेल तर तो ठरलेल्या मुदतीत कायमचा मागे घ्यायचा. वितरकांच्या तडजोडीत ही मुदत १४ दिवसांची होती. आणि कंपनी चूक कबूल करत नाही, हेही त्यातच लिहिलेलं. हक्क सोडणं हा महापौरांच्या एकट्याच्या अखत्यारीतला विषय नाही, म्हणून ठराव. वकिलाशी बंद दाराआड चर्चा करायला इथला कायदा परवानगी देतो, पण मतदान उघड्या सभेतच घ्यावं लागतं आणि विषयपत्रिका किमान २४ तास आधी संकेतस्थळावर टाकावी लागते.

ज्या शहराने कधी दावाच लावला नाही, त्यालाही हा कागद का येतो? कारण कंपन्यांना सगळी तोंडं एकदम बंद करून हवी आहेत. २०२१ च्या जुलैत मॅकेसन, कार्डिनल आणि अमेरिसोर्सबर्गन या तीन वितरकांनी १८ वर्षांत २१ अब्ज डॉलरपर्यंत आणि जॉन्सन अँड जॉन्सनने ९ वर्षांत ५ अब्जांपर्यंत द्यायचं मान्य केलं. यातला "पर्यंत" हा शब्द महत्त्वाचा. वितरकांच्या रकमेतला साधारण ५५ टक्के भाग पायाभूत होता आणि ४५ टक्के किती शहरं-काउंट्या सही करतात त्यावर अवलंबून होता. जॉन्सन अँड जॉन्सनकडे प्रमाण नेमकं उलटं. एखादं मोठं शहर बाहेर राहिलं की त्याच्या शेजाऱ्यांचाही हप्ता घटतो. म्हणून राज्याचा महाधिवक्ता दहा हजार वस्तीच्या गावाच्या मागेही मुदतीच्या आठवड्यात हात धुऊन लागतो.

सही न करण्यालाही अर्थ असू शकतो, आणि त्याचं उदाहरण आमचंच राज्य. वॉशिंग्टनने २०२१ चा वितरकांचा राष्ट्रीय करार नाकारला आणि नोव्हेंबरात सिएटलच्या कोर्टात खटला उभा केला. सहा महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, वितरक ५१ कोटी ८० लाख डॉलरवर आले. राष्ट्रीय करारात मिळालं असतं त्याहून हे सुमारे ४ कोटी ६० लाख जास्त. अट अशी की दावा लावलेली सगळी शहरं-काउंट्या आणि न लावलेल्यांपैकी ९० टक्के सह्या करतील तरच. २३ सप्टेंबर २०२२ ही मुदत होती, आणि पात्र असलेल्या १२५ च्या १२५ जणांनी सह्या केल्या.

पण हंटिंग्टनचं बघा. वेस्ट व्हर्जिनियातलं हे शहर आणि त्याची कॅबेल काउंटी, मिळून वस्ती लाखाच्या आत-बाहेर. आठ वर्षांत तिथे ८ कोटी १० लाख गोळ्या गेल्या. त्यांनी तडजोड न करता त्याच तीन वितरकांकडे अडीच अब्ज डॉलर मागितले आणि जुलै २०२२ मध्ये हरले. न्यायाधीशांनी व्यसनाची साथ आल्याचं मान्य केलं, कंपन्यांची जबाबदारी मान्य केली नाही. हे लिहीपर्यंत, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, अपील चालूच आहे आणि या खटल्यातून हातात शून्य. ओक्लाहोमा राज्याने २०१९ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनविरुद्ध ४६ कोटी ५० लाखांचा निकाल मिळवला होता. दोन वर्षांनी तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आणि थांबण्यात तिसरा धोका म्हणजे कंपनीचं दिवाळं. मॅलिनक्रॉट या ओपिऑइड बनवणाऱ्या कंपनीने १.७ अब्ज कबूल केले होते, पण २०२३ मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीत जाऊन त्यातले एक अब्ज कापून घेतले. माझं मत विचाराल तर छोट्या शहराने सही करावी. एकट्याने लढून वसूल होईल त्याहून वकील आणि साक्षीतज्ज्ञ महाग पडतात.

सध्या टेबलावर दोन गठ्ठे आहेत. पहिला पर्ड्यू आणि तिच्या मालक सॅकलर कुटुंबाचा, ७.४ अब्जांचा, मुदत ३० सप्टेंबर. सॅकलरांना दाव्यांपासून संरक्षण देणारी आधीची योजना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली, म्हणून ही नवी. हे लिहितोय तेव्हा तिला दिवाळखोरी न्यायालयाची अंतिम मंजुरी बाकी आहे. यात घोळ होतो तो असा: ज्या शहराने दिवाळखोरीत आपला दावा नोंदवला आहे त्याला योजनेवर मत द्यायची मतपत्रिका वेगळी येते आणि सहभागपत्र वेगळं. एक भरलं म्हणजे दुसरं भरलं असं होत नाही. दुसरा गठ्ठा आठ उत्पादक कंपन्यांचा, मिळून सुमारे ७२ कोटी डॉलर, मुदत ८ ऑक्टोबर. सगळा व्यवहार ईमेल आणि ई-सहीवर चालतो. ईमेल निवृत्त झालेल्या नगर-सचिवाच्या खात्यात किंवा स्पॅममध्ये पडला तर शहराचा वाटा केवळ तेवढ्यावरून हुकू शकतो.

आता वाटा कसा ठरतो ते. काउंटीचा वाटा तीन गोष्टींवरून काढतात: तिथे किती ओपिऑइड पाठवली गेली, किती लोकांना व्यसन जडलं आणि किती मेले. मग काउंटीच्या आत शहरांची वाटणी ही पूर्वी कोणी या कामावर किती खर्च केला त्याच्या जुन्या आकडेवारीवरून होते. पर्ड्यूकडून वॉशिंग्टनला १० कोटी ५० लाखांपर्यंत येतील. निम्मे राज्याला, निम्मे स्थानिक संस्थांना, म्हणजे ५ कोटी २५ लाख. समजा एखाद्या शहराचा वाटा ०.३ टक्के आहे. १,५७,५०० डॉलर झाले. पैसे १५ वर्षांत यायचे, म्हणून १५ ने भागा, वर्षाला १०,५००.

हे भागणंच फसवं आहे. सॅकलर सुरुवातीलाच दीड अब्ज देणार, पर्ड्यू सुमारे ९० कोटी. मग वर्षाने ५० कोटी, पुन्हा ५० कोटी, मग ४० कोटी. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा पहिल्याच फटक्यात येतो. पहिला चेक बघून कायम पद भरलं की चौथ्या वर्षी पगाराला पैसे नाहीत.

आणि हा निधी बंधित आहे, काका, आपल्या वित्त आयोगाच्या बंधित निधीसारखा. १९९८ साली तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांना २५ वर्षांत २०६ अब्ज द्यायचं कबूल केलं, पण खर्चावर बंधन नव्हतं. बहुतेक पैसा रस्ते आणि अंदाजपत्रकातली भोकं बुजवण्यात गेला. तो धडा घेऊन वितरकांच्या राष्ट्रीय करारात किमान ८५ टक्के रक्कम ओपिऑइडच्या निवारणावरच खर्च करायचं बंधन घातलं. काय चालतं याची यादी जोडलेली असते: अतिसेवन झालेल्याला वाचवणारं नॅलोक्सोन, व्यसन सोडवायला देतात त्या ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोनचे उपचार, तुरुंगातल्या कैद्यांचे उपचार, गरोदर बायका आणि व्यसन घेऊनच जन्मलेली बाळं, शाळांमधलं प्रतिबंधाचं काम.

१०,५०० मध्ये यातलं काय येतं? नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. दोन मात्रांची पेटी, प्रत्येक मात्रा ४ मिलिग्रॅम, दुकानात ४५ डॉलरच्या आसपास. म्हणजे २३० पेट्या. वाचनालयात, बस डेपोत, पोलिसांच्या गाडीत ठेवायला पुष्कळ झाल्या. पण एका समुपदेशकाचा दोन महिन्यांचा खर्चही यातून निघत नाही. म्हणून आमच्याकडे शहरांना आपला वाटा सोडून तो काउंटीकडे वळवता येतो, किंवा शेजारच्या चार शहरांनी एकत्र येऊन एकच माणूस नेमता येतो. सभेतला खरा वाद इथेच रंगतो. नगरसेवकाला आपल्या वॉर्डात पाटी लावता येईल असं काहीतरी हवं असतं. त्याबाबतीत विटा आणि सिएटल सारखंच.

हिशेबात नेहमीच्या चुका तीन. पैसे सर्वसाधारण फंडात जमा होतात आणि मग कुठल्या कंपनीचा कुठला हप्ता हे सापडत नाही, कारण प्रत्येक तडजोडीची वर्षं आणि अटी वेगळ्या. दुसरी, आधीपासून चालू असलेल्या पगारावर हे पैसे टाकून जुना पैसा दुसरीकडे वळवणं. कागदावर खर्च "निवारणाचा" दिसतो, प्रत्यक्षात एकही जास्तीचा रुग्ण बघितला जात नाही. तिसरी, प्रशासकीय खर्च फुगवणं. आमच्या राज्यातल्या शहरांच्या आपसांतल्या करारात त्याला १० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे.

तुमच्या कामाची एक गोष्ट राहिली. त्या आठ कंपन्यांत तुमची सन फार्मा आहे, गोरेगावची, आणि अहमदाबादची झायडसही. सनचा वाटा सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर, झायडसचा दीड कोटीच्या जवळपास. सगळ्यात मोठा मायलनचा, साडेअठ्ठावीस कोटींच्या आत. कोणी दोष कबूल केलेला नाही, पण ओपिऑइडची जाहिरात करायची नाही आणि एका गोळीत ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ऑक्सीकोडोन (ऑक्सीकॉन्टिनमधलं मूळ औषध) असलेलं औषध बनवायचं नाही, अशी बंधनं आठांपैकी सात कंपन्यांनी घेतली आहेत. सनच्या आकारापुढे ही रक्कम किरकोळ आहे. तेवढ्यासाठी शेअर विकू नका.

तुम्ही वित्त आयोगाच्या निधीचं हप्तेवार रजिस्टर ठेवायचात, डावीकडे मंजूर रक्कम, उजवीकडे खर्च आणि शेवटी शिल्लक मुदतीसकट. त्याच्या एखाद्या कोऱ्या पानाचा फोटो पिंट्याकडून पाठवा. इथल्या लोकांना दाखवायचा आहे.

सौ. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पक्ष पंधरवडा चालू आहे, आजोबांच्या तिथीचं काय ठरलं ते कळवा.

तुमचा,
मंदार