थायामेथोक्झाम: फवारणी ते काढणीचे दिवस मोजून आता भागणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपीय संघाच्या 2023/334 या नियमाने द्राक्षातील थायामेथोक्झाम या कीटकनाशकाची अवशेष मर्यादा (फळात चालणारा औषधाचा अंश) किलोला 0.4 मिलिग्रॅमवरून 0.01 वर आणली, त्याच गटातल्या क्लोथियानिडिनचीही आता 0.01 च. 7 मार्च 2026 ही अंमलाची तारीख. कारण खाणाऱ्याच्या आरोग्याचे नाही, मधमाश्यांचे आहे. तेही निर्यातदार देशातल्या मधमाश्यांचे! युरोपात उघड्या शेतातला वापर 2018 मध्ये बंद झाला, तरी बीटच्या बियाण्यासाठी काही देश आणीबाणीच्या सवलती देत राहिले. त्या बेकायदा ठरायला जानेवारी 2023 चा न्यायालयीन निकाल लागला. तेव्हा तक्रारीला जागा आहेच, पण तोवर कंटेनर रॉटरडॅमला अडकणार तो आपला.

0.01 म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. औषध आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या आत भिनणारे; ड्रिपमधून सोडलेले क्लोथियानिडिन तर मातीत कित्येक महिने टिकते. त्यात थायामेथोक्झामचा काही भाग वेलीतच क्लोथियानिडिन होतो. मग न वापरलेले औषध रिपोर्टमध्ये निघते आणि बागायतदार प्रयोगशाळेशी भांडत बसतो. खरी फसगत मिश्र औषधांत. लॅम्डा-सायहॅलोथ्रिनसोबत 12.6 टक्के थायामेथोक्झाम असलेले मिश्रण सर्रास विकले जाते, दुकानात मात्र नाव निघते ते ब्रँडचे. शेजारच्या, देशी बाजारासाठीच्या मालाच्या प्लॉटवरून उडून आलेला फवारा किंवा न धुतलेली ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी, यानेही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

म्हणून निर्यातीच्या प्लॉटमध्ये ही दोन्ही औषधे एप्रिलच्या सुमाराच्या खरड छाटणीपासूनच बंद हवीत. ऑक्टोबरच्या सुमाराच्या, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर थांबवणे उशिराचे ठरते. मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) खोड आणि ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, यांची सैल साल काढून जाळावी, मिलीबग खाणारे क्रिप्टोलिमस भुंगे सोडावेत. हे भुंगे सोडल्यावर कडक कीटकनाशक मारले तर पैसे पाण्यात. पर्याय म्हणून बुप्रोफेझिन हे दुसरे कीटकनाशक कोणी सुचवेल, पण द्राक्षात त्याचीही युरोपीय मर्यादा 0.01 च आहे. उडद्या हा कोवळे डोळे खाणारा भुंगेरा वेलीचे डोळे फुगताना येतो. सकाळी वेल हलवून साबणाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये भुंगेरे पाडणे लहान प्लॉटला जमते. मोठ्या बागेला मजूर कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच.

कृषी खात्याने निदान एक करावे: द्राक्षपट्ट्यातील औषध दुकानांना पावतीवर ब्रँडखाली प्रत्येक घटकाचे नाव आणि टक्केवारी मराठीत छापणे सक्तीचे करावे, आणि गोडी छाटणीच्या आत करावे.

– एक द्राक्ष सल्लागार, निफाड